४५ हजारांत विद्यार्थ्याचा डेस्कटॉप: हातातलं कोटेशन कसं वाचायचं आणि पैसे कुठे घालायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कोल्हापूरच्या राजारामपुरीत तिघांत मिळून खोली, घरून ४५ हजार मिळणार, त्यात मॉनिटरही बसला पाहिजे. काम कोडिंगचं, पुढे अँड्रॉइड आणि थोडं मशीन लर्निंग, सुट्टीत एखादा गेम. दुकानातून कोटेशन आलंय ते असं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, विंडोज आणि ऑफिस टाकून. हे घ्यावं का?

घेऊ नका. हे कोटेशन वाचायला भारी वाटतं, कारण त्यातला प्रत्येक आकडा मोठा आहे आणि एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. "आय७" हे प्रोसेसरचं नाव नव्हे, ती नुसती श्रेणी. पुढचा चार किंवा पाच अंकी नंबर विचारा. एवढ्या पैशांत मिळणारा आय७ बहुतेक वेळा आय७-३७७० किंवा त्याच्या आगेमागचा निघतो. हा २०१२ चा प्रोसेसर: चार कोअर (काम करणारे मेंदू), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम. आजचा साधा आय३-१२१०० सुद्धा चारच कोअरचा आहे, पण तो याला बराच मागे टाकतो, कारण मधल्या दहा वर्षांत एकेका कोअरचा वेग खूप वाढला. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आज हे मशीन घेतलं की पहिल्या दिवसापासून जुगाड सुरू.

खरा तोटा पुढेच आहे. त्या प्रोसेसरसोबत येणारा बोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात तो मदरबोर्ड, एच६१ चिपसेटचा (मुख्य नियंत्रक चिपचा) असतो. हा चिपसेट २०११ चा, आणि त्यावर कमी ओळखीच्या कंपन्या अजून "नवे" बोर्ड बनवतात. त्या बोर्डावरची डीडीआर३ रॅम पुढे दुसऱ्या कुठल्याही नव्या बोर्डात बसत नाही. दोन वर्षांनी मशीन सुधारायचं म्हटलं तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम फेकावे लागतात. कमी बजेटच्या मशीनमध्ये पैसे घालताना मी एकच कसोटी लावतो: जो भाग पुढे सुटा बदलता येतो त्यात आज हात आखडता घ्या, आणि ज्याच्यावर बाकी सगळं उभं आहे त्यात घेऊ नका. बोर्ड आणि एसएमपीएस या दुसऱ्या गटातले. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, दुसरी रॅम, जादा पंखे हे सगळं नंतर आणता येतं.

आता ते "४ जीबी ग्राफिक्स कार्ड". नाव विचारलं की बहुधा जीटी ७३० असं उत्तर येईल. हे कार्ड २०१४ चं आहे. त्याची मेमरी ४ जीबी असली तरी ती जुनी डीडीआर३ आणि ६४ बिटच्या अरुंद वाटेची, त्यामुळे तो चारचा आकडा कामाला येत नाही. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने या पिढीसाठी नवे गेम ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबवलं. मशीन लर्निंगच्या सध्याच्या लायब्ऱ्याही या कार्डाला ओळखत नाहीत. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या आत जे ग्राफिक्स फुकट येतं, ते या कार्डापेक्षा सरस आहे. म्हणजे कार्डाचे तीनचार हजार थेट वाया.

मग घ्यायचं काय? तुमच्या कामासाठी दोन वाटा आहेत, दोन्ही चांगल्या.

पहिली वाट रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी. सहा कोअर, बारा थ्रेड, डीडीआर४ रॅम, आत वेगा नावाचं ग्राफिक्स, सोबत बॉक्समध्ये कूलर. बोर्ड ए५२० किंवा जमल्यास बी५५० चिपसेटचा. दुसरी वाट इंटेलचा आय५-१२४००: तोही सहा कोअर, बारा थ्रेड, आणि डीडीआर४ चा एच६१० बोर्ड. कोडिंगमध्ये १२४०० थोडा पुढे आहे, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यालाही त्याचं व्हिडिओ एन्कोडर उपयोगी पडतं. पण त्याचं आतलं ग्राफिक्स ५६००जीपेक्षा बरंच दुबळं. गेम खेळायचाय आणि वर्ष-दीड वर्ष वेगळं कार्ड घेणार नाही, तर ५६००जी. गेम दुय्यम आहे आणि पुढे कार्ड येणारच आहे, तर १२४००. हातात पैसा कमी असेल तर आय३-१२१०० वर सुरू करा. त्याच बोर्डावर पुढे बाराव्या-तेराव्या पिढीचा सेकंडहँड आय५ किंवा आय७ बसवता येतो.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून बघा. इंटेलच्या नावापुढे एफ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५५०० आणि नुसता ५६०० यांतही नाही. हे हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतात म्हणून कोटेशनमध्ये घुसतात, आणि मग डिस्प्ले यावा म्हणून पुन्हा तेच जुनाट कार्ड लावलं जातं. तुमच्या बजेटमध्ये वेगळं चांगलं कार्ड बसत नाही, तेव्हा आत ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर हवा.

एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि डीडीआर५ रॅमची नवी वाट का नाही, हा प्रश्न रास्त आहे. एएम५ सॉकेटला पुढची काही वर्षं नवे प्रोसेसर येत राहतील. ५६००जीचा एएम४ आणि १२४०० चा एलजीए१७०० हे दोन्ही सॉकेट आता शेवटाला आलेत. बजेट ६५-७० हजार असतं तर मी एएम५ च सांगितलं असतं. ४५ हजारांत मात्र बोर्ड आणि डीडीआर५ रॅम मिळूनच एवढे पैसे खातात की एसएमपीएस आणि एसएसडीवर कात्री लावावी लागते, आणि ती चुकीच्या जागची कात्री. चार वर्षांच्या डिग्रीला सहा कोअरचा डीडीआर४ प्रोसेसर आरामात पुरतो.

बोर्ड निवडताना पाच मिनिटं जास्त घालवा. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडून या गोष्टी बघा. एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) आहे का, कारण काही सर्वात स्वस्त एच६१० बोर्डांवर तो नसतोच. मॉनिटरसाठी एचडीएमआय आहे की नुसता व्हीजीए. मागे यूएसबी किती. प्रोसेसरच्या बाजूच्या वीज देणाऱ्या भागावर ॲल्युमिनियमची पट्टी आहे का; सहा कोअरच्या प्रोसेसरवर तासभर कोड कंपाइल किंवा व्हिडिओ रेंडर चालला की तो भाग तापतो आणि पट्टी नसेल तर प्रोसेसर आपला वेग कमी करतो. वाय-फाय या किमतीच्या बोर्डांवर सहसा नसतं. खोलीत राउटर असेल तर सरळ लॅनची वायर ओढा, नसेल तर चांगल्या कंपनीचा ड्युअल बँड यूएसबी डोंगल घ्या.

बायोस म्हणजे बोर्डातच साठवलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम. त्याचाही एक सापळा आहे. जुन्या साठ्यातल्या बी४५० बोर्डावर ५६००जी, किंवा जुन्या एच६१० वर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावला की पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही. बोर्ड खराब नसतो, त्याचा बायोस जुना असतो. दुकानातून निघण्यापूर्वी "बायोस अपडेट करून द्या" एवढं सांगितलं की काम होतं. खोलीवर आल्यावर तेच करायला बहुधा दुसरा प्रोसेसर उसना आणावा लागतो.

रॅमबद्दल सध्या जपून बोलावं लागतं. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं, आणि डीडीआर५ सोबत डीडीआर४ ही महागली. एसएसडीलाही त्याची झळ लागली. म्हणून मी इथे रुपयांचा आकडा लिहीत नाही, तो लिहीपर्यंत बदलतो. कोटेशन ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी रॅमचा भाव विचारा आणि तो किती दिवस धरून ठेवणार ते लिहून घ्या. मागच्या महिन्याचा व्हिडिओ बघून "तिथे तर निम्म्यात होती" असा वाद घालण्यात अर्थ नाही.

किती घ्यायची? लक्ष्य १६ जीबी, ३२०० मेगाहर्ट्झ. अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) आणि ब्राउझरचे पंधरा टॅब एकत्र उघडले की ८ जीबी नक्कीच कमी पडते. आता ८ च्या दोन की १६ ची एक? ५६००जी घेत असाल तर ८ च्या दोनच. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं, आणि दोन स्टिकमुळे रॅमकडे जाणारी वाट दुप्पट रुंद होते. बऱ्याच गेममध्ये याने फ्रेम जवळपास दीडपट होतात. १२४०० वर कोडिंगच करायचं असेल तर १६ ची एकच स्टिक चालेल, दुसरा स्लॉट पुढच्यासाठी मोकळा राहतो. एच६१० वर दोनच स्लॉट असतात आणि बऱ्याच स्वस्त ए५२० वरही दोनच, हे लक्षात असू द्या. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये रॅम लावायची. पहिल्या आणि दुसऱ्यात शेजारी शेजारी लावली तर दोन स्टिक असूनही ती एकेरीच चालते.

रॅम लावून झाली की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. हे राहून गेलं की ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते, आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर हा वेग दिसतो.

एसएसडीबद्दल फार डोकं लावायची गरज नाही. ओळखीच्या कंपनीची ५०० जीबीची एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी) एसएसडी, बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआयई वाटेच्या तिसऱ्या पिढीची. चौथ्या पिढीसाठी जादा पैसे देऊ नका. ५६००जी तिसऱ्या पिढीवरच थांबतो आणि एच६१० च्या एम.२ स्लॉटलाही तिसरीच पिढी मिळते. चौथ्या पिढीची त्याच भावात मिळाली तर घ्या, ती तिसऱ्याच्या वेगाने चालेल. १२८ किंवा २५६ जीबीवर सुरुवात करू नका: विंडोज, अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटरच्या प्रती आणि दोन गेम एवढ्यात ती भरते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी रखडते. नाव न ऐकलेल्या कंपनीची "१ टीबी" निम्म्या भावात दिसली तर हातही लावू नका.

एसएमपीएसकडे आता नीट बघू, कारण कोल्हापुरातल्या कोटेशनमध्ये सर्वात जास्त फसगत इथे होते. कॅबिनेटसोबत "फ्री" येणाऱ्या किंवा हजाराच्या आतल्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॅट छापलेलं असतं. बाजूचं स्टिकर वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच रेषेवर जगतात. स्वस्त "४५० वॅट"च्या स्टिकरवर १४ अँपिअर दिसले तर ते १६८ वॅट झाले. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे ४३० वॅट. एवढा फरक एका स्टिकरवर उघडा लिहिलेला असतो, फक्त कोणी वाचत नाही.

५६००जीचं अख्खं मशीन भरधाव चालतानाही शंभर वॅटच्या आसपास खातं. त्यामुळे फ्रीचा एसएमपीएस सुरुवातीला चालतोही. त्रास होतो तो दीड-दोन वर्षांनी: आतले कपॅसिटर सुकतात, व्होल्टेज डगमगतं, मशीन मधूनच रिस्टार्ट होतं, आणि लोक व्हायरस समजून विंडोज पुन्हा टाकत बसतात. शेवटी जाताना तो कधीकधी बोर्ड आणि एसएसडी सोबत घेऊन जातो. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा, तीन ते पाच वर्षं वॉरंटीचा, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. ग्राफिक्स कार्डासाठी सहा अधिक दोन पिनची एक वायर त्यात असायलाच हवी. उद्या १३२ वॅटचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं तरी तोच पुरेल.

कॅबिनेट साधं पण पुढून जाळीचं घ्या. पुढे काचेचं सपाट तावदान आणि आत चार दिवे असलेलं कॅबिनेट हवा घेत नाही. पुढचा पंखा हवा आत ओढणारा, मागचा बाहेर फेकणारा, बस्स. जाळीला धुता येणारा फिल्टर असेल तर उत्तम. ऊस गाळपाच्या हंगामात हवेतली काजळी आणि उद्यमनगर-शिरोलीकडच्या कारखान्यांची धूळ दोन्ही त्यावर अडतात. महिन्यातून एकदा तो नळाखाली धरून पूर्ण सुकवून लावायचा.

मॉनिटर या यादीत सर्वात जास्त वर्षं टिकतो, तो तुम्ही दुसऱ्या मशीनलाही वापराल. २२ किंवा २४ इंची, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात), १९२० बाय १०८०, एचडीएमआय. आता १०० हर्ट्झचे (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारे) या किमतीत सर्रास मिळतात, पण विंडोज ते आपोआप लावेलच असं नाही. डिस्प्ले सेटिंगच्या प्रगत भागात जाऊन १०० निवडावं लागतं.

आता विजेचं. पावसाळ्यात लाइट मिनिटभर जाते आणि येते, तेव्हा यूपीएस हा चैनीचा भाग नाही. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटचा असतो, तुमच्या मशीनला आणि मॉनिटरला तो पुष्कळ झाला. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचं. त्याची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, एवढा खर्च धरून चला. यूपीएसवर इस्त्री, लेझर प्रिंटर, मित्राचा पंखा काहीही लावायचं नाही.

घरमालकाचा इन्व्हर्टर खोलीला असेल तर आणखी एक शक्यता आहे. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा एक खटका असतो. नॉर्मलवर असताना लाइट गेल्यावर बॅटरीकडे वळायला जो वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो, कारण एसएमपीएस स्वतःच्या जोरावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. खटका यूपीएसवर केला की बदल लवकर होतो आणि मशीन चालू राहतं. त्याची दुसरी बाजूही आहे: यूपीएसच्या खटक्यावर इन्व्हर्टर कमी व्होल्टेज सहन करत नाही, लगेच बॅटरीवर जातो. तुमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज फार पडत असेल तर बॅटरी सारखी खर्ची पडेल. तेव्हा मग वेगळा यूपीएसच बरा.

अर्थिंग तपासल्याशिवाय मशीन जोडू नका. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं पण अर्थची वायर मागे कुठेच गेलेली नसते. लक्षण सोपं आहे: कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते पाच व्होल्टच्या वर असेल तर दुरुस्ती करून घ्या. तिसरी पिन तोडून प्लग बसवण्याचा उद्योग करू नका.

पावसाळ्याचं आणखी एक. जून ते सप्टेंबर खोलीतली हवा दमट असते आणि महिनाभर बंद ठेवलेलं मशीन नंतर "डिस्प्ले नाही" म्हणून दुकानात येतं. अशा वेळी बहुतेकदा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पापुद्रा आलेला असतो. मुख्य स्विच बंद करून रॅम काढा, पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, कण झटका, पुन्हा दोन्ही बाजूंनी "टक" आवाज येईपर्यंत दाबा. हेच काम दुकानात पैसे घेऊन होतं. सुट्टीत गावी जाताना रूममेटला आठवड्यातून अर्धा तास मशीन चालू करायला सांगून जा. खोली तळमजल्यावर आणि पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात असेल, तर २०१९ आणि २०२१ आठवा आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पाण्याची बातमी आली की पहिल्यांदा एसएसडीवरच्या कामाची प्रत क्लाउडवर चढवा आणि मशीन वरच्या मजल्यावर.

हे सगळं ४५ हजारांत बसलं नाही, आणि रॅमच्या आजच्या भावात ते जेमतेमच बसेल, तर कात्री या क्रमाने लावा. आधी मॉनिटर: सेकंडहँड आयपीएस चालेल, दुकानात पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर दोन मिनिटं बघून घ्या. मग कॅबिनेट. मग १६ जीबीऐवजी ८ ची एक स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा, सहा महिन्यांनी तशीच दुसरी. मग ५६००जीऐवजी आय३-१२१००. एसएमपीएस आणि यूपीएस यांना हात लावायचा नाही.

बजेट तीस हजारांवर आलं तर मी नव्या भागांचा हट्ट सोडायला सांगेन. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेली इंटेलच्या आठव्या पिढीची किंवा त्यापुढची मशिनं, उदाहरणार्थ आय५-८५०० ची, रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली) मिळतात. सहा कोअर, विंडोज ११ ला चालणारी, दणकट. फक्त त्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा त्या कंपनीच्याच आकाराचे असतात, बाजारचा बसत नाही. आणि पातळ कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड जात नाही. हे मान्य असेल तर कोटेशनमधल्या त्या आय७ पेक्षा हे कितीतरी पटीने चांगलं.

मशीन लर्निंगसाठी आत्ता कार्ड घेऊ नका. दुसऱ्या वर्षापर्यंतचा अभ्यास गुगल कोलॅब आणि कॅगल या साइटच्या फुकट जीपीयूवर (इंटरनेटवरून वापरायच्या ग्राफिक्स चिपवर) होतो. पुढे घेताना एनव्हिडियाचंच घ्या, कारण कुडा (मशीन लर्निंगच्या लायब्ऱ्या वापरतात ते एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) त्यावरच चालतं, आणि मेमरी जमेल तेवढी जास्त. ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी बोर्डातूनच वीज घेतं, वेगळी वायरही लागत नाही. नुसत्या गेमसाठी घेत असाल तर एक खूणगाठ बांधा: आरएक्स ६५०० एक्सटीला बोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन (डेटाच्या वाटा) असतात आणि ५६००जीच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ते अडखळतं, आरएक्स ६६०० ला हा त्रास फारसा होत नाही. सेकंडहँड बाजारातली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमधून आलेली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं तेव्हा ती एकदम विकायला निघाली. पंखे, मेमरी आणि तापमान अर्धा तास लोडवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाला मित्र हेच विचारत असेल तर त्याला सांगा की ऑटोकॅडचं द्विमितीय काम आतल्या ग्राफिक्सवर छान होतं, पण सॉलिडवर्क्सच्या मोठ्या असेंब्ली आणि रेव्हिटसाठी १२४०० आणि पुढे ३२ जीबी रॅम धरून चालावं. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. कॉमर्सवाल्याला टॅली आणि एक्सेलसाठी आय३-१२१०० आणि ८ जीबी पुष्कळ आहे.

कोटेशनमधलं "विंडोज आणि ऑफिस टाकून" काढून टाकायला सांगा. ते चोरीचं असतं, आणि ते चालू करणारी ॲक्टिव्हेटरची फाइल बहुधा अँटिव्हायरस बंद करूनच चालवतात. तिच्यासोबत काय आत आलं ते कळत नाही. कॉलेजच्या ईमेल आयडीवर मायक्रोसॉफ्टचं काही मिळतं का ते कॉम्प्युटर विभागात विचारा. तोवर उबंटू किंवा मिंट हे फुकट लिनक्स टाका. कॉम्प्युटर शाखेला लिनक्स शिकायचंच आहे.

खरेदीच्या दिवशी पक्कं बिल घ्या. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि कच्च्या बिलावर तेवढे कमी करून देतो असं सांगितलं जाईल. पण तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी कंपनी बिल मागते, आणि अनेक कंपन्यांचं काम शेवटी पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमार्फत होतं. बिलावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर यांचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर वेगवेगळ्या ओळीत हवेत. "असेंबल्ड पीसी, एक नग" असं एका ओळीचं बिल वॉरंटीला कुचकामी. प्रोसेसर बॉक्समधलाच घ्या; सुट्या ट्रे प्रोसेसरला बहुधा दुकानदाराचीच वर्षभराची हमी असते. सगळे रिकामे बॉक्स आणि इंटेलच्या सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकणही जपून ठेवा. बोर्ड परत पाठवताना ते झाकण नसेल आणि एखादी पिन वाकली तर वॉरंटी नाकारली जाते.

जोडणी दुकानात करून घेणार असाल तर समोर उभे राहा. बोर्डाच्या मागची पोर्टांची पत्रा-पट्टी आधी बसते. कॅबिनेटमधले पितळी स्टँड बोर्डाच्या भोकांएवढेच असावेत. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करतो. एएम४ प्रोसेसर त्रिकोणाला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. कूलरचे स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे थोडेथोडे आवळायचे. एसएसडीचा इवलासा स्क्रू बोर्डाच्या बॉक्समध्ये असतो, तो तिथेच लावून घ्या, नाहीतर ती हवेत उभी राहते.

मग घरी नेण्यापूर्वी तिथेच अर्धा तास द्या. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅम दुहेरी वाटेने चालतेय का ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास वापरलेली आहे ते दिसतं. नवीनवर तो आकडा एक-दोनच्या वर नसावा. प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवून एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा: ५६००जी ८५ अंशांच्या आत राहिला पाहिजे, त्याची मर्यादा ९५ आहे. सतत ९५ ला टेकत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, तो काढून पेस्ट पुन्हा लावायला सांगा. बायोसमध्ये एक्सएमपीसोबत एसव्हीएम किंवा इंटेलवर व्हीटी-एक्स ही सेटिंग चालू करून घ्या, नाहीतर अँड्रॉइडचा एम्युलेटर पहिल्याच दिवशी चालायला नकार देईल. रात्री खोलीवर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी चालवा; एक जरी चूक दाखवली तर ती रॅम दुसऱ्या दिवशी बिलासह दुकानात परत, बदलून मिळेपर्यंत त्या मशीनवर काही महत्त्वाचं ठेवायचं नाही.